ती काच नव्हेच!

एक काम करा. उद्या ऑफिसला गेलात की मॉनिटर चालू करायच्या आधी, त्याच्या काळ्याकुट्ट पडद्याकडे जरा तिरक्या नजरेनं बघा. खिडकीजवळ बसत असाल तर उत्तमच. नसाल तर मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारा. काय दिसलं? ‘अरे, हा आकडा चुकलाय’ असं म्हणत टीम लीडनं टेकवलेलं बोट. त्याच्याच शेजारी ‘नाही हो, बरोबर आहे’ म्हणत तुम्ही टेकवलेलं बोट. मागच्या सर्दीत उडालेली नक्षी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे घड्याळ दिसतं तिथे, काहीतरी पिवळट... ते पोह्यांचं की मिसळीचं, ज्याचं त्यालाच ठाऊक!

दिवसाचे आठ-नऊ तास आपण त्या पडद्यासमोर असतो, पण ही घाण आपल्याला दिसत नाही. मग एखाद्या दिवशी, बहुधा क्लायंट यायचा असतो त्याच दिवशी, अचानक दिसते. साफसफाईचा झटका येतो. हाताला लागेल ते उचललं जातं. टिश्यू, रुमाल, शर्टाची बाही, पँट्रीतली काच पुसायची निळी बाटली... आणि फस्स्!

बॉस, तिथेच थांबा. मी थांबलो नव्हतो. त्या न थांबण्याचा पुरावा आत्ता हा लेख टाइप करताना माझ्यासमोर आहे. पडद्याच्या वरच्या भागात मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढ्या डागापायी तळहाताएवढा झालेला, कायमचा चकचकीत पट्टा.

खंडेनवमीचा पराक्रम

गोष्ट २०२२ ची. दसरा ५ ऑक्टोबरला, बुधवारी आला होता. दसऱ्याला सुट्टी, म्हणून ऑफिसातली पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला. आमचं ऑफिस पुण्यात, बाणेरला. घरून काम करण्याचा जमाना नुकता ओसरला होता, माणसं परत यायला लागली होती आणि कंपनीनं खूश होऊन आमच्या रांगेत चार कोरे मॉनिटर आणले होते. कोरे म्हणजे इतके कोरे, की कडेची प्लॅस्टिकची पट्टीही कुणी काढली नव्हती. मग काय, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, पेढे... आणि प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर ओल्या हळद-कुंकवाची दोन ठसठशीत बोटं. शस्त्रपूजाच ती! आमची शस्त्रं म्हणजे हीच.

गुरुवारी सकाळी परदेशातला क्लायंट येणार होता. मंगळवारी संध्याकाळी सगळे पांगले आणि मला वाटलं, आपल्या रांगेतलं तेवढं चकाचक करून टाकावं. पँट्रीतून निळी बाटली आणली, टिश्यूचा गठ्ठा आणला. फवारा मारला.

हळद लाल झाली!

पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो, आई त्याला साबण लावते आणि तो एकदम रक्तासारखा लाल होतो, बघितलंय ना? तस्सं. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीला भेटलं की लाल होतं. कुंकू तरी काय वेगळं असतं? पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याचा संस्कार करूनच तयार करतात. पण हे ज्ञान मला नंतर झालं. त्या क्षणी नव्याकोऱ्या मॉनिटरवरून लाल ओघळ खाली निघाला होता आणि माझी जाम टरकली होती. मी घासायला लागलो. एका टिश्यूनं जाईना, तर चार टिश्यूंनी. अंगठ्यानं दाब देऊन. परत फवारा, परत घासणं. एका मॉनिटरवर शिकलो असेन म्हणता? छे! तीन मॉनिटरवर हाच कार्यक्रम. चौथ्याची पूजा करायला बहुतेक विसरले होते, म्हणून तो वाचला.

रंग गेला. मी स्वतःच्या पाठीवर शाबासकी दिली आणि दसऱ्याचं सोनं लुटायला घरी गेलो.

गुरुवारी मॉनिटर चालू केले आणि पोटात गोळा आला. घासलेल्या जागी पडदा तेलकट चमकत होता. बाजूचा सगळा भाग मॅट आणि मध्ये हा चकाकता तुकडा. वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फक्त त्या तुकड्यात दिसत होतं. माझ्या शेजारी बसणारी डिझायनर मॉनिटरसमोर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत होती. तिचं सगळं काम रंगांच्या छटांचं. ती मला म्हणाली, “अरे, हा पांढरा इथे वेगळा आणि तिथे वेगळा का दिसतोय?” तिसऱ्या मॉनिटरच्या खालच्या कडेला तर आतूनच ढगासारखा डाग उमटला होता.

मी म्हणालो, “काय माहीत!”

काच आणि काच नसलेली काच

माझ्या बचावासाठी एवढंच सांगतो, की मी ज्या घरात वाढलो तिथे कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे काचच होती. २००१ साली बाबांनी असेम्बल्ड पीसी घेतला. पंधरा इंची, पोटुशा आकाराचा मॉनिटर. काम नसताना त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं आणि कामाच्या वेळी पुढे हुक अडकवून टांगायचा तो काळपट ‘अँटिग्लेअर’. आठवतंय? मॉनिटर बंद केला की पडद्याजवळ हात न्यायचा, हातावरचे केस उभे राहायचे आणि बारीक चर्रर्र आवाज यायचा. ती स्थिर वीज. धूळ खेचायची म्हणून तो पडदा रोज पुसावा लागे. रविवारी बाबा वर्तमानपत्राचा बोळा पाण्यात बुडवून तो आरशासारखा लख्ख करायचे. पिक्चर ट्यूबची ती पुढची काच चांगली जाडजूड असते, आत निर्वात पोकळी असल्यामुळे तशी असावीच लागते. वरून लेप दिलेला नसेल तर तिला बोळ्यानं काही फरक पडत नसे.

तेच डोक्यात बसलं. आपल्या पिढीच्या हातांना हीच सवय आहे. पडदा म्हणजे काच आणि काच म्हणजे निळी बाटली.

आता तुमच्या टेबलावरच्या सपाट मॉनिटरकडे या. त्यात काच आहे, एक सोडून दोन आहेत. पण त्या आत. त्यांच्यामध्ये द्रव स्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा पातळ थर. मागून दिव्याचा उजेड. आणि सगळ्यात पुढे, तुमच्या बोटाला जे लागतं, ते असतं काचेवर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण. पोलरायझर म्हणतात त्याला. तो काढून टाकला तर मॉनिटर चालू असूनही तुम्हाला नुसता पांढरा उजेड दिसेल, चित्र नाही. ताणून आयोडिनचा रंग दिलेली एक फिल्म आणि तिला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे थर, अशी त्याची साधारण रचना. बऱ्याच पोलरायझरमध्ये हे सांभाळणारे थर सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटचे असतात. सिनेमाची रिळं ज्या जातीच्या मटेरियलवर निघायची, तीच ही जात. सिनेमाची रीळ कुणी निळ्या लिक्विडनं घासेल का?

आणि त्याच्यावर असतो मॅट फिनिश. ऑफिसातले मॉनिटर सहसा चकचकीत नसतात, कारण मग ट्यूबलाइट आणि आपला चेहराच दिसत राहील. म्हणून वरच्या लेपाला डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा दिलेला असतो. त्या सूक्ष्म उंचवट्यांवरून प्रकाश विखुरतो आणि प्रतिबिंब तुटतं. मी काय केलं असेल, आलं लक्षात? मी तीन मॉनिटरचे उंचवटे घासून सपाट केले होते. जे चकाकत होतं ती स्वच्छता नव्हती, झीज होती.

मॉनिटरच्या माहितीपत्रकात कधी कधी ‘३एच हार्ड कोटिंग’ असं लिहिलेलं सापडेल. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या तासाला आपण वापरायचो ना, त्या पेन्सिलीच्याच भाषेतलं हे माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठराविक दाबानं ओढून बघतात, कुठपर्यंत ओरखडा उठत नाही ते. म्हणजे ‘हार्ड’ या शब्दाची धाव पेन्सिलीच्या शिशापर्यंत! आणि आपल्याकडची धूळ? बांधकामं, खणलेले रस्ते, हायवे... तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. ते तर साध्या काचेवरसुद्धा ओरखडा काढतात.

“तुम्हाला इंग्लिश चांगलं येतं...”

गुरुवारी क्लायंट आला आणि गेला, त्याचं काही अडलं नाही. शुक्रवारी सकाळी ॲडमिनकडून सगळ्यांना मेल आली. ‘हाउसकीपिंगच्या निष्काळजीपणामुळे तीन नव्या मॉनिटरचं नुकसान झालं आहे. यापुढे त्यांना स्क्रीनला हात लावू देऊ नये. नुकसानीची रक्कम कंत्राटदाराच्या बिलातून वळती केली जाईल.’

हाउसकीपिंग म्हणजे कोण? आमच्या मजल्यावर एकच माणूस आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात. पन्नाशीचे, भोरकडचे. सकाळी साडेसातला येतात आणि आपण यायच्या आत सगळी टेबलं पुसून मोकळे होतात. कंत्राटदाराच्या बिलातून वळती म्हणजे शेवटी कुणाच्या खिशातून, हे न कळण्याइतका मी बाळबोध नव्हतो.

मी मेल वाचली. बंद केली. चहा प्यायला गेलो. शपथेवर सांगतो, मी स्वतःला सांगितलं की पुढच्या आठवड्यात सगळे विसरतील.

दुपारी मामाच आले. हातात वहीचा कोरा कागद. माझ्या टेबलाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “सर, तुम्हाला इंग्लिश चांगलं येतं. एक अर्ज लिहून द्याल का? मी पडद्याला ओलं लावतच नाही. सुक्यानंच पुसतो. सुपरवायझर म्हणतो, लेखी दे.”

ज्यानं केलं त्याच्याकडेच, त्यानं केलं नाही याचा अर्ज लिहून घ्यायला माणूस आला होता.

मी तो कागद घेतला, पेन उघडलं आणि एक अक्षर लिहिता आलं नाही. “मामा, ते मी केलं,” म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही नीट. ते काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या मॉनिटरपाशी वाकले, बाजूनं बघितलं, पट्ट्यावरून बोट हवेतच फिरवलं, टेकवलं नाही. मग विचारलं, “कशानं घासलंत?”

मी सांगितलं.

“टिश्यूनं? दाबून? अहो, हे तर पॉलिश पेपर मारल्यासारखं झालं.”

तेव्हा कळलं, की मामा आधी बारा-तेरा वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होते. लाकडाला मॅट फिनिश देणं आणि कुणीतरी ओलं फडकं घासून ते घालवणं, ही दुःखं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होती.

त्याच संध्याकाळी मी ॲडमिनच्या मॅडमकडे गेलो. पुढचं थोडक्यात. दुसरी मेल आली, पहिलीपेक्षा बारीक आवाजातली. डिझायनरला स्टोअरमधला दुसरा मॉनिटर मिळाला. आत पाणी गेलेल्या मॉनिटरला वॉरंटी लागू नाही असं सर्व्हिस सेंटरनं कळवलं, त्याचे पैसे तीन हप्त्यांत माझ्या पगारातून गेले. आणि पट्टेवाला मी स्वतःकडे ठेवून घेतला. तो सुधारत नाही. नेटवर टूथपेस्ट लावा, व्हॅसलिन चोपडा असे उपाय सापडतील. टूथपेस्टमध्ये घासायचेच कण असतात, म्हणजे ते उरलेले उंचवटेही घालवणार. व्हॅसलिनचं तेज चार दिवस टिकतं आणि त्यावर धूळ मात्र आवडीनं बसते.

मामांची शिकवणी

पुढच्या सोमवारी मी लवकर, आठलाच गेलो. मुद्दाम. मामांना म्हटलं, दाखवा.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे काहीच पुसलं नाही. मॉनिटर बंद आहे का बघितलं, मागची वायर काढली. बंद पडद्यावर घाण नीट दिसते हा एक फायदा. दुसरा असा, की नुकता बंद केलेला मॉनिटर कोमट असतो, त्यावर ओलं फडकं फिरवलं की पाणी भराभर उडून जातं आणि मागे ओघळांच्या रेघा राहतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. सकाळी आलात तर हा प्रश्नच नाही.

मग त्यांनी खिशातून मऊ केसांचा, कोरा पेंटिंगचा ब्रश काढला. वरून खाली, नुसता हलकेच फिरवला. “आधी धूळ उतरवायची. उतरवायची, पुसायची नाही. धूळ असताना फडकं फिरवलं की ती फडक्यात बसते आणि मग फडकंच पॉलिश पेपर होतं.” माझ्या मते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, आणि ते माझं नाही. ब्रश नसेल तर कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो तो रबरी फुगा चालेल. तोंडानं फुंकू नका, हवेपेक्षा थुंकी जास्त उडते. चष्म्यावर करतात तसं ‘हाऽऽ’ करणाऱ्यांनाही हेच लागू.

मग कोरडं फडकं. मामांकडे धुऊन धुऊन विरलेलं मलमलचं होतं. मी त्यांना माझ्या चष्म्याबरोबर आलेलं मायक्रोफायबर दिलं. त्यांनी ते दोन बोटांत चोळून बघितलं आणि ‘हे चांगलंय’ असा शेरा दिला. चांगलं आहेच. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनचा एक डेनिअरपेक्षा बारीक धागा. डेनिअर म्हणजे काय? नऊ किलोमीटर लांबीच्या धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो एक डेनिअर. त्याहूनही बारीक! शिवाय पुसायच्या कापडात हे तंतू उभे चिरलेले असतात, त्यामुळे त्यांच्या फटींत धूळ आणि तेल अडकतं, पडद्यावर इकडून तिकडे ढकललं जात नाही. टिश्यू मऊ वाटतो, पण असतो लाकडाच्या लगद्याचा. नाक पुसायला तो उत्तम, मॅट लेपावर दाबून घासायला नाही.

पण या कापडाचा सांभाळ करावा लागतो. ते वेगळं धुवायचं, साध्या साबणात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर तंतूंवर बसला की कापड धूळ पकडायचं सोडून पडद्यावर तेल लावायला लागतं. आणि टेबल पुसायचं कापड वेगळं, पडद्याचं वेगळं. ज्या कापडानं कीबोर्डमधले फरसाणाचे कण काढलेत, ते प्लीज पडद्याकडे आणू नका!

निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यावरच काम होतं. ब्रश आणि कोरडं कापड. बस. आम्हाला हे खरं वाटत नाही, कारण लिक्विडशिवाय साफसफाई झाल्यासारखी वाटतच नाही.

बोटांचे ठसे, शिंक, कांदाभजी यांचा प्रश्न वेगळा. तिथे पाणी लागतं. कापड ओलं करायचं, पडदा नाही. पिळल्यावर एकही थेंब पडता कामा नये, इतपतच दमट. फवारा थेट पडद्यावर मारला की काय होतं ते मी पैसे भरून शिकलोय. पाणी ओघळत खालच्या पट्टीत जातं, पट्टी आणि पॅनेलमधल्या बारीक फटीत आपोआप शोषलं जातं आणि आतल्या उजेड पसरवणाऱ्या थरांमध्ये जाऊन बसतं. तो ढग परत बाहेर येत नाही. पॅनेलच्या कडेलाच त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचीही जोडणी असते, म्हणजे डाग पडला तर नशीबच म्हणायचं, कधी कधी अख्खी उभी रेघच गायब होते.

पाणी कुठलं? नळाचं वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके सोडतं, बोअरचं असेल तर विचारूच नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मागताना ‘डिस्टिल्ड वॉटर’ असंच मागा आणि लेबल वाचून घ्या, तिथेच बॅटरीचं ॲसिडही मिळतं! तेलकट डाग पाण्यानं हटला नाही, तर कपभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, आणि नंतर साध्या पाण्याचं दमट कापड, मग कोरडं.

हात गोल फिरवायचा की सरळ, यावर ऑफिसात अर्धा तास वाद होऊ शकतो. मला विचाराल तर फिरवा कसाही, दाबू नका. एका हातानं मॉनिटर मागून धरायचा आणि दुसऱ्या हाताचा दाब स्वतःच्या बंद पापणीवर सहन होईल इतकाच. काही मायक्रॉनचं द्रव स्फटिक आहे आत, जोरात दाबलं की पाण्यात बोट घातल्यासारखे तरंग उठतात, दिसले असतील तुम्हाला. डाग हटत नसेल तर दमट कापड त्यावर नुसतं क्षणभर टेकवून ठेवायचं, मऊ होऊ द्यायचं. वाळलेला डाग नखानं खरवडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावायची नाही. आणि एखादा बारीक थेंब राहिला असेल, तर चालू केल्यावर त्याच्याकडे जरूर निरखून बघा. तो भिंगासारखं काम करतो आणि पांढऱ्या पडद्यात लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतात. साध्या फुल एचडी मॉनिटरमध्ये असे बासष्ट लाखांहून जास्त ठिपके असतात. मामांना दाखवलं तर ते म्हणाले, “पांढरा नाहीच की मग यात!”

सॅनिटायझर, स्प्रे आणि १,९०० रुपयांचं फडकं

करोनाच्या दिवसांत सगळ्यांनी सगळ्यावर सॅनिटायझर मारलं. पडद्यावर नको. जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेल्या हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलबरोबर ग्लिसरॉल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ग्लिसरॉल आपला हात कोरडा पडू नये म्हणून. पडद्यावर त्याचाच चिकट थर राहतो.

मग नुसतं अल्कोहोल? इथे एक उत्तर नाही, आणि एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ॲपलनं मार्च २०२० मध्ये आपल्या सूचना बदलून ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे वाइप्स डिस्प्लेसारख्या कडक पृष्ठभागावर हलक्या हातानं चालतील असं सांगितलं. पण त्यांच्या बऱ्याच पडद्यांवर बाहेरून खरोखरच काच असते. प्लॅस्टिक फिल्मच्या मॅट मॉनिटरचं मॅन्युअल अनेकदा अल्कोहोल, अमोनिया, थिनर यांना साफ नकार देतं. म्हणजे मॅन्युअल. होय, तेच, थर्माकोलबरोबर फेकून दिलेलं. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की मिळतं. काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया, अल्कोहोल किंवा दुसरी सॉल्व्हंट असतात, काचेला ती मानवतात म्हणूनच ती तिथे असतात.

‘स्क्रीन क्लीनर’ म्हणून मिळणारी पिटुकली बाटली आणि कापडाचा सेट? घ्यायला हरकत नाही, पण मला तरी त्यातलं कापडच कामाचं वाटतं. आणि कापडावर किती खर्च करायचा, याला सीमा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपलनं एक पॉलिशिंग क्लॉथ वेगळं विकायला काढलं, भारतात किंमत १,९०० रुपये. लोक हसले, आणि तरी ते मिळायला आठवडे लागत होते! चष्मेवाला देतो ते फुकट असतं, एवढंच सांगतो.

लॅपटॉपवाल्यांचा एक खास रोग: पडद्यावर उमटलेला कीबोर्डचा चौकोनी ठसा. बोटांचं तेल आधी बटणांवर आणि बॅगेत दाबलं गेल्यावर बटणांवरून पडद्यावर. पडदा कितीही पुसा, आधी कीबोर्ड पुसला नाहीत तर आठवड्यात परत येतो.

२०२३ च्या खंडेनवमीला, २३ ऑक्टोबरला, पूजेचं ताट मॅडमनी मामांच्या हातात दिलं. सगळ्या मॉनिटरना त्यांनी मागच्या बाजूला, स्टँडवर, कोरडं हळद-कुंकू वाहिलं. झेंडूचं फूल वर ठेवलं, पडद्याला लागणार नाही असं. डिझायनरच्या मॉनिटरपाशी तर दोनदा वाकून बघितलं. मग माझ्यापाशी आले, ताट टेबलावर ठेवलं, बोट ओल्या गंधात बुडवलं आणि थेट पडद्यावर, त्या चकचकीत पट्ट्याच्या बरोब्बर मध्यभागी, टेकवलं.

“मामा!”

“राहू द्या हो सर,” ते म्हणाले. “याचं जे व्हायचं ते झालंय. पूजा तरी समोरून होऊ द्या.”